पुतळाची खोली आणि संघाच्या खुर्च्या

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

नेरूळ गाव,
२८ जून २०२५

चि. पुतळा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन लागत नाही. तुझ्या लेकाला, हरेशला विचारलं, तर तो म्हणाला की आईचा मोबाईल भरतीच्या पाण्यात पडला. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझा आवाज जरा चढतो आणि मग तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा आपल्या घरच्या गोष्टींवर मत देतात. पत्रात माणूस शांतपणे बोलतो. आणि मला सध्या शांतपणे बोलायचा सराव हवा आहे. कशासाठी ते ऐक.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने पंधरा ऑगस्टला संध्याकाळी वादविवाद ठेवला आहे. विषय असा की सरकारने प्रत्येकाला घराची हमी द्यावी का. द्यावी, या बाजूने विलासराव बोलणार. ते बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, इथे सेक्टरातल्या एका सोसायटीचे चेअरमन. देऊ नये, या बाजूने मी. खरं तर चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, पण डबा फिरायच्या आधीच मी उठून उभा राहिलो. आता मुद्दे आधी तुझ्यावर चालवून बघतो. तू लहानपणापासून माझं म्हणणं खोडत आली आहेस, तेव्हा तुझ्यापुढे टिकलं ते विलासरावांपुढे टिकेलच.

पहिला मुद्दा. सरकारच्या खिशात घर नसतं. ते एकाला घर देतं तेव्हा आधी दुसऱ्याचं शेत घेतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बाबांच्या भातशेतावर आज लोक सकाळी पांढरे बूट घालून धावतात, ते मी रोज बघतो. ज्याला घर मिळतं तो पेढे वाटतो. ज्याच्या जमिनीतून ते घर निघतं, त्याला पेढासुद्धा कुणी नेऊन देत नाही.

दुसरा मुद्दा. फुकट हमीची वस्तू कुणी सांभाळत नाही. आपल्याच बिल्डिंगमध्ये बघ. जिन्यातला नळ गळतो, कारण तो सगळ्यांचा आहे.

आणि शेवटचा मुद्दा तूच आहेस. बाबांच्या जागेवर बिल्डिंग बांधायची ठरली तेव्हा तू हक्कसोडपत्र करून दिलंस, मी तुला डाळिंबी साडीचोळी केली. तू हक्क सोडलास म्हणून तुझं माहेर राहिलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीला आजही सगळे पुतळाची खोली म्हणतात. गावात ज्या बहिणी हक्क धरून बसल्या, त्यांना भावाच्या दारात पाणी विचारायलासुद्धा कुणी नाही. म्हणजे सिद्ध काय झालं? घर हक्काने मिळत नाही, मायेने मिळतं. इथे टाळ्या पडतील असा माझा अंदाज आहे.

तुझ्याकडे पाणी जरा आत येतं, असं हरेश म्हणत होता. जपून राहा. घरात चप्पल घालत जा.

माया आहेच, ती कळवायला नको. मुद्द्यांवरचं मत मात्र लवकर कळव.

तुझा,
नामदेवदादा

*

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

खाडीपाडा, ता. उरण,
५ जुलै २०२५

ती. दादास पुतळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नेरूळहून गाडीने यायला तास लागत नाही, पण तुझ्या पत्राला आठवडा लागला. वाटेत त्यानेही कुठे भाषण केलं असेल.

पाणी जरा आत येतं हे खरं. बांध फुटल्यापासून खाडीला आमची वाट सापडली आहे. आधी ती दारात येऊन परत जायची. गेल्या अवसेच्या उधाणाला सरळ स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढे बसली. गेली तेव्हा मागे एक चिंबोरी ठेवून गेली. ती आता तांदळाच्या डब्यामागे राहते. तिने अर्ज केला नाही, चिठ्ठी उचलली नाही, कुणाचं शेतही घेतलं नाही. तुझा पहिला मुद्दा मी तिला वाचून दाखवला. तिने एक नांगी वर केली. कुठल्या बाजूने, ते कळलं नाही.

मला विचारशील तर तुझा पहिला मुद्दा खरा आहे. जमीन गेल्याचा कागद आला त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. आईने ताट झाकून ठेवलं आणि ते ताट दुसऱ्या दिवशी गाईने खाल्लं. ते तुझ्या भाषणात येऊ दे. पण मग हेही सांग, की ज्याचं शेत गेलं त्याला निदान कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाबा, तू आता राहणार कुठे?

इथे पाहणीला एक साहेब येऊन गेले. ते आले ओहोटीला. घर कोरडं बघून म्हणाले की पाणी कुठे आहे? मी म्हटलं, दुपारी या. ते म्हणाले की दुपारी जेवणाची सुट्टी असते. मग त्यांनी विचारलं की पाणी पावसाचं की समुद्राचं? पावसाचं असेल तर एक कागद, समुद्राचं असेल तर दुसरा. राजाबाईने, म्हणजे माझ्या शेजारणीने, तांब्याभर भरून त्यांच्यापुढे धरलं आणि सांगितलं, की चाखून बगा नि तुमीच लिवा. साहेबांनी चाखलं नाही.

दुसरा मुद्दा मला पटला नाही. जिन्यातला नळ गळतो, कारण तू प्लंबरशी भांडलास.

माझ्या खोलीच्या खिडकीची कडी लागते का रे अजून? सहज विचारलं. वहिनी असताना ती घट्ट बसायची.

माझी काळजी करू नकोस. केलीसच तर थोडी कर, भाषणाला कमी पडायला नको.

तुझी,
पुतळा

*

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

नेरूळ गाव,
१४ जुलै २०२५

चि. पुतळा हिस दादाचे आशीर्वाद.

बाबांच्या ताटाची गोष्ट भाषणात घेतली. लिहिताना माझाच गळा भरून आला आणि रंजिताने दोनदा पाणी आणून दिलं. सुनेला वाटलं मला ठसका लागला.

कडी लागते की नाही हे सांगता येत नाही, कारण खिडकीपर्यंत जाताच येत नाही. तुझ्या खोलीत संघाच्या खुर्च्या आहेत. संघाची शेड पावसात गळते. खुर्च्या भिजतील म्हणून सगळे काळजीत होते, तेव्हा मी मोठ्या मनाने म्हणालो की आमच्याकडे ठेवा, आठ दिवसांचा प्रश्न. त्याला आता दुसरा पावसाळा लागला. जमिनीपासून छतापर्यंत खुर्चीवर खुर्ची आहे. दार ढकललं की पहिली खुर्ची अंगावर येते, म्हणून कुणी ढकलत नाही. मी त्यांचा पालक आहे, तसं सभेच्या वहीत लिहिलं आहे. पण तू अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. खोली तुझीच. खुर्च्या नुसत्या राहतात.

विलासराव हमीच्या बाजूने का बोलतात ते मला कळलं. त्यांचा मुलगा निशांत ऐरोलीला कंपनीत आहे. भाडं परवडेना म्हणून बायको आणि दोन कुत्र्यांसह तो बापाकडे परत आला. विलासराव आता हॉलमध्ये झोपतात, कुत्रे बेडरूममध्ये. सरकारने निशांतला घर दिलं तर विलासरावांना त्यांची गादी मिळेल. मुद्दा गादीचा आहे आणि माणूस राज्यघटनेवर बोलतो! शिवाय याच गृहस्थांच्या सोसायटीत एकट्या मुलांना जागा देत नाहीत, मासे तळणाऱ्यांना देत नाहीत, आणि मला गेटवर नाव लिहायला लावतात. जगाला घर द्या, फक्त आमच्या गेटातून नको.

रंजिता म्हणते, पप्पा, तुमचाही मुद्दा भाड्याचा आहे; सगळ्यांना घरं मिळाली तर आपल्या खोल्या कोण घेणार? मी तिला म्हटलं की विचार आणि भाडं या वेगळ्या गोष्टी आहेत. ती मान हलवून आत गेली.

नवा मुद्दा ऐक. हमीचं घर कुठलं द्यायचं हे कोण ठरवणार? प्रत्येकाला खाडीच्या हवेचं घर हवं असणार. सरकार देणार डोंगरामागे, जिथे बससुद्धा चुकून जाते. आणि तिथे गळायला लागलं तर भांडायचं कुणाशी? माझ्याशी भाडेकरू सकाळी दात घासता घासता भांडू शकतात. सरकारशी भांडायला आधी टोकन घ्यावं लागतं. हा मुद्दा विलासरावांना झेपणार नाही.

चिंबोऱ्या एवढ्या येत असतील तर आमचे चिरंजीव रूपेश तिकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर पाठव. काळ्या मसाल्यात छान होतात. आणि गणपतीला चार दिवस ये. खाली हॉलमध्ये तुझी सोय करू.

बाकी लोभ आहे तसाच, खुर्च्यांमुळे त्यात काही फरक पडलेला नाही.

तुझा,
दादा

*

।। श्री ।।

खाडीपाडा,
२६ जुलै २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

परवा दिव्यांची अवस झाली. पाटावर दिवे मांडले, पूजा केली आणि थोड्या वेळाने पाटच निघाला. दिवे पेटलेले, पाट तरंगत मागच्या दाराने बाहेर. राजाबाई हात जोडून म्हणाली की आपून दिवे सोरायला जायचो, आता दिवेच आपल्याला सोरून चालले. दिसायला सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

खाट मी विटांवर ठेवली आहे, त्या विटांवर आणखी विटा. आता बसल्या बसल्या कौलांची जळमटं काढता येतात. खाटेखाली जिताडा फिरत होता, हरेशने धरला आणि आम्ही खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा खाटेखालचा मासा खाल्ला. चिंबोरी पाठवत नाही. तिला आता मी ओळखते.

साहेब पुन्हा आले, या वेळी शहाणपणाने भरतीला. पण भरतीला रस्ताच पाण्यात, त्यामुळे ते लांब पुलावर उभे राहिले आणि तिथूनच पाहणी केली. त्यांनी काय लिहिलं ते हरेशने बघितलं. लिहिलं की सदर ठिकाणी घर दिसून येत नाही. तेव्हा तुझ्या सभेत सांग, सरकार मला घराची हमी देत नाही एवढंच नाही, माझं असलेलं घरही त्याला दिसत नाही. हा मुद्दा तुझ्या बाजूचा की विलासरावांच्या, ते तू ठरव.

हरेशकडे एकच खोली, त्यात त्याची सासू पाय मोडून पडलेली. त्याने यार्डातल्या शेटला विचारून माझ्यासाठी एक जुना कंटेनर बघितला आहे. दोन खिडक्या कापून देतो म्हणतो. चांगला ऐसपैस आहे. मला एकच शंका आली, ती मी त्याला विचारली, की कुणी चुकून उचलून जहाजावर ठेवला तर? तो म्हणाला, आई, त्याला नंबर असतो, हरवत नाही. म्हणजे मी कोलंबोला पोचले तरी नंबराने सापडेन.

समोरची तिन्ही घरं रिकामी झाली. ज्याला जिथे भाऊ, ज्याला जिथे लेक, तिकडे तो गेला. मागची भिंत खालून पोखरली आहे. हात लावला की मऊ लागते.

मला भीती वाटते, दादा. एवढं एक वाक्य नीट वाच, बाकीचं पत्र हसून वाचलंस तरी चालेल.

खुर्च्यांना माझा नमस्कार. त्यांची तब्येत कोरड्या हवेत चांगली राहिली असेल.

तुझी,
पुतळा

*

नेरूळ,
१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यांना रंजिताचा सा. न.

आत्या, पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचा मोबाईल बंद, हरेशभाऊजी नाईटला, म्हणून हे.

तुमचं पत्र पप्पांनी वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग वर गेले आणि खुर्च्या बाहेर काढायला लागले. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण संघाच्या माणसांनी बघितलं आणि सगळे जमा झाले. म्हणाले की खुर्च्या हलवायच्या तर ठराव पाहिजे. ठरावाला सभा पाहिजे. सभेला पुरेशी माणसं पाहिजेत, आणि नियमात लिहिलंय की बसलेली माणसंच मोजायची, उभी नाही, कारण उभी माणसं मधेच निघून जातात. बसायला खुर्च्या नाहीत. खुर्च्या वर आहेत. वरून काढायच्या तर ठराव पाहिजे. पप्पांनी हे सगळं दोन वेळा समजून घेतलं. मग खाली आले आणि भाषण लिहीत बसले. मला माहिती आहे, त्यांना टेन्शन आलं की ते मुद्दे काढतात. त्या दिवशी जेवले पण नाहीत.

आता ऐका. त्या खुर्च्या वर्षातून एकदाच सगळ्या बाहेर पडतात, पंधरा ऑगस्टला, आणि तो ठराव आधीच झालेला असतो. चारला टेम्पो येतो, भाषणं झाली की अंधार पडायच्या आत परत. मधले दोन-अडीच तास खोली पूर्ण रिकामी असते. झाडू, बादली, फिनेल मी दाराशी ठेवते. खिडकीच्या कडीला रूपेश तेल घालून ठेवेल. तुम्ही खालच्या हॉलमध्ये पाहुणीसारख्या राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. मीही राहिले नसते.

हरेशभाऊजींना सांगा, तुम्हाला स्टेशनवर सोडायचं. पुढचं मी बघते. पप्पांना यातलं काही माहीत नाही आणि मलाही नाही, असं आपण धरून चालू.

यायचं म्हणजे यायचं. विचार करायला लागलात तर मी स्वतः न्यायला येईन, आणि मला पाण्यात चालता येत नाही.

तुमची,
रंजिता

*

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

खाडीपाडा,
५ ऑगस्ट २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सोबत राखी आहे. जरा दमट लागेल, उन्हात धर आणि मग बांध. रंजिताकडून बांधून घे, गाठ घट्ट मारते ती.

पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायला या वर्षी किनाऱ्यावर जायची गरज नाही. उंबरठ्यावर बसून देईन. तो स्वतः घ्यायला येतो, एवढा मान कुणाला मिळतो?

तुझ्या भाषणाला माझे आशीर्वाद नाहीत, मी लहान आहे. पण एक सांगते, घाई करू नकोस. सावकाश बोल. सगळे मुद्दे घे, बाबांच्या ताटाची गोष्ट घे, जॉगिंगवाल्यांचे बूट घे. विलासरावांनी मधे काही विचारलं तर सविस्तर उत्तर दे. माझा उल्लेख शेवटी आहे ना? तो अजिबात गाळू नकोस. कर्णा लावणार असाल तर त्याचं तोंड गावाकडे करा, म्हणजे आपल्या बिल्डिंगपर्यंत ऐकू येईल.

तुझ्यावर माझा राग नाही. खुर्च्यांवर थोडा आहे.

तुझी,
पुतळा

*

नेरूळ गाव, आपल्याच बिल्डिंगचा वरचा जिना,
१५ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

चि. पुतळा हिस बंद दाराबाहेरून आशीर्वाद.

तू ट्रंक घेऊन वर गेल्याचं भाडेकरूंनी सांगितलं. हाक मारली, तू ओ देत नाहीस. आतून मासे तळल्याचा वास येतो, म्हणजे तब्येत बरी असावी. फोन तुझ्याकडे नाही, म्हणून हा कागद दाराखालून सरकवतो. वाच.

आधी सभेचं सांगतो. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे सावकाश बोललो. इतका सावकाश की अध्यक्षांनी दोनदा घंटा वाजवली आणि तिसऱ्यांदा ते घंटा हातात धरूनच झोपले. ताटाच्या गोष्टीला लोकांनी डोळे पुसले. टोकनच्या मुद्द्याला हशा. आणि तुझा उल्लेख आला, की माझ्या बहिणीने हक्क सोडला म्हणून माझं दार तिला कायम उघडं आहे, तेव्हा टाळ्या थांबेनात. विलासराव उत्तराला उठले. म्हणाले की नामदेवरावांच्या बहिणीसारखं नशीब माझंही असतं तर मी हमी मागितली नसती, मला माझ्याच घरात कुत्र्यांची परवानगी घेऊन आत जावं लागतं. आणि ते तिथेच रडले. परीक्षकांनी मला पहिला नंबर दिला. बक्षीस म्हणून गावातल्या हार्डवेअरवाल्याने दिलेलं मोठं पितळी कुलूप मिळालं, किल्ल्यांसकट.

कुलूप हातात घेऊन, हार गळ्यात घालून, टेम्पोभर खुर्च्यांसह मी घरी आलो, तर हे दार बंद. आतून. मी लोकांना आताच सांगून आलो होतो की ते कायम उघडं आहे.

बाहेरची परिस्थिती अशी आहे. पाऊस पडतो आहे, खुर्च्या गच्चीवर ठेवता येत नाहीत. म्हणून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर एक खुर्ची आहे आणि म्हातारी माणसं उभी कशी राहणार, म्हणून प्रत्येक खुर्चीत एक ज्येष्ठ नागरिक आहे. अध्यक्ष तळमजल्यावर. त्यांना काही विचारायचं तर वरून खाली तोंडातोंडी निरोप जातो आणि उत्तर येईपर्यंत प्रश्न बदललेला असतो. भाडेकरूंना घरी जाता येत नाही, तेही श्रोते झाले आहेत.

सगळे मला एकच विचारतात, की तुमची बहीण आत कोणत्या नात्याने, कोणत्या हक्काने गेली? मी काय सांगू?

तुझा,
दादा

*

पुतळाची खोली, नेरूळ,
१५ ऑगस्ट

ती. दादास आतून शि. सा. न. वि. वि.

हक्काने आले नाही. हक्क मी केव्हाच लिहून दिला, तुलाच दिला, आणि त्याची साडी आत्ता अंगावर आहे. ट्रंकेत वरच्या बाजूला होती म्हणून वाचली. पण दादा, तेव्हा मी हक्क सोडला होता. घर सोडते, असं कुठे म्हटलं होतं?

पौर्णिमेला मागची भिंत गेली. आवाज फार झाला नाही, बसली खाली, थकलेल्या माणसासारखी. समुद्राला नारळ दिला आणि त्याने घर घेतलं. मी ट्रंक घेऊन राजाबाईच्या माळ्यावर इतके दिवस काढले. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आणखी एक मुद्दा काढला असतास. चिंबोरीला सांगून आले की आता सगळं घर तुझं. सांभाळ.

तुझं भाषण मी सगळं ऐकलं. कर्ण्याचं तोंड गावाकडे केलंस, बरं केलंस. खोली झाडली तेव्हा बाबांचं ताट चाललं होतं, झाडू टाकून थोडी रडले. फरशी पुसताना टोकनचा मुद्दा आला, हसले. आणि माझं दार कायम उघडं आहे असं तू म्हणालास, तेव्हा मी कडी लावत होते.

खिडकीची कडीही लागते. बघून घेतली.

बाहेरच्या मंडळींना विचार, ते सगळे बसलेले आहेत ना?

तुझी,
पुतळा

*

नेरूळ गाव, जिना,
१५ ऑगस्ट

चि. पुतळा हिस,

बसलेले आहेत, हे तू विचारेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अध्यक्षांनी खालून वरपर्यंत माणसं मोजली आणि सभा कायदेशीर ठरली. मी ठराव मांडला, की ज्यांचा प्रत्येकाला निवारा मिळावा यावर विश्वास आहे, त्या विलासरावांनी संघाच्या खुर्च्यांना निवारा द्यावा. विलासराव नाही कसं म्हणणार? आत्ताच तासभर बोलून आले होते. ठराव एकमताने मंजूर. टेम्पो त्यांच्या सोसायटीकडे निघाला आहे. गेटवर प्रत्येक खुर्चीचं नाव लिहून घेणार आहेत, असं कळतं.

मी माझ्या मतावर ठाम आहे, हे तुला माहीत असावं. सरकारने घराची हमी देऊ नये, हे मी आज सिद्ध केलं आणि पहिला आलो. ज्याच्याकडे घरच नाही त्याने हमी कसली द्यायची? हमी द्यायची ती घर असलेल्याने. हे शेवटचं वाक्य भाषणात नव्हतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मला सुचलंही नाही.

बक्षिसाचं कुलूप दाराला बाहेरून उघडंच अडकवून ठेवलं आहे. किल्ल्या या कागदात गुंडाळल्या आहेत, दाराखालून येतील. सगळ्या तुझ्याकडे ठेव. मला एकही देऊ नकोस, मागितली तरी देऊ नकोस. मी माणूस कसा आहे ते तुला माहीत आहे.

भिंत पडली तेव्हा मी इथे आरशासमोर हातवारे करत होतो. जेवून घे. मासे जास्त झाले असतील तर मी जिन्यातच आहे.

तुझा,
दादा

*

पुतळाची खोली,
१५ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

किल्ल्या मिळाल्या. मासे तुझ्या वाटणीचे वेगळे काढून ठेवले आहेत.

टेम्पो लांब गेला नसेल तर थांबव. संघाकडून रीतसर ठराव करून एक खुर्ची परत आण. तू रोज येऊन बोलत बसणार, आणि या वयात मी तुला इतका वेळ उभं ठेवणार नाही.

तुझी,
पुतळा